सगळ्या फायलींचं नाव श्री

आई,

तुझा कम्प्युटर मी पुसून टाकला. फडक्यानं नव्हे, आतून. हे एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले. तू जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे आता तू लाटणं हातात घेऊन बाहेर येणार नाहीस याची खात्री आहे, तरी लिहिताना मी दोनदा दाराकडे बघितलं.

कोल्हारच्या घरात ओसरी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या खोलीत शिलाई मशीन हलवून तो कम्प्युटर मांडला, तेव्हा तू पन्नाशी ओलांडली होतीस. गावातल्या आणि वस्त्यांवरच्या लोकांना पत्रिकेचा मजकूर जुळवायला लांब जावं लागू नये, एवढाच तुझा विचार. लग्न, दशक्रियाविधी, जागरण-गोंधळ, जे येईल ते तू दोन बोटांनी टाइप करायचीस आणि बाजूला कढईत कांदा परतत ठेवायचीस. मी रविवारी जवळच्याच बेलापूरहून यायचे आणि शाळेत शिकवते म्हणजे सगळं कळतं अशा थाटात तुझ्या मागे उभी राहायचे. तू कागदावर सगळ्यात आधी वर मधोमध श्री लिहायचीस, मग खाली मजकूर. फाइल ठेवायची वेळ आली की कम्प्युटर पहिल्या ओळीतला शब्दच नाव म्हणून पुढे करायचा आणि तू बटण दाबून मोकळी व्हायचीस. म्हणजे झाडून सगळ्या फायलींचं नाव श्री. तेही धड दिसायचं नाही, कारण तुझा तो जुना मराठी फॉन्ट. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कडबा दिसायचा, पण सगळीकडे तोच कडबा. मी एकदा म्हणाले, "आई, प्रत्येकीला वेगळं नाव दे गं, घोटाळा होईल." तू कढईकडे बघतच म्हणालीस, "मशीनच सोताहून श्री म्हनतंय, आन् मी त्याला दुसरं नाव सांगू व्हय? तू तुझी शाळा बघ." तुझी सोय तू केली होतीस. प्रत्येक घराचं वेगळं फोल्डर, त्याला इंग्रजी अक्षरांत खूण (वेशीजवळचे, टाकीमागचे, दोनदा तारीख बदललेले) आणि आत एकच फाइल. तुझं कधी काही चुकलं नाही. घोटाळा व्हायला मीच लागले.

आप्पांना तू दोनच गोष्टी शिकवल्या होत्यास, चालू कुठून करायचा आणि दोनदा टिचकी कशी मारायची. तू गेल्यावर त्यांनी त्या दोन गोष्टींवर नऊ वर्षं काढली. रोज सकाळी चहा झाला की एक फोल्डर उघडायचं, पत्रिका मोठ्यानं वाचायची, अगदी खालच्या "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत, आणि मग आपलं मत द्यायचं. "हिचं पोरगं आता ट्रॅक्टर चालवतंय." "ह्यांनी पंगतीला मठ्ठा दिला न्हाई." मत खोलीला उद्देशून असायचं, पण ते तुला सांगत होते हे भिंतींनाही कळत होतं. शेजारची काकू सगळ्यांना सांगायची की आप्पा रोज पोथी वाचतात. मीही तसंच समजले असते, पण पोथीत मठ्ठा नसतो. मला ते बरं वाटायचं, खरं सांगू तर सोयीचंही वाटायचं. ते कुणाशी तरी बोलतायत म्हटल्यावर माझा रविवार ते रविवार फेरा पुरेसा होता.

मग कम्प्युटर चालू केला की पडद्यावर एक सूचना येऊ लागली. आप्पांनी मला वाचायला लावली. मी सांगितलं, "यातली सिस्टिम जुनी झाली, आता तिला कंपनीचं संरक्षण नाही." संरक्षण नाही म्हटल्यावर त्यांनी त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. मी म्हटलं, असं नाही, नवी सिस्टिम टाकून घेऊ. ते म्हणाले, "चालतंय की. कशाला हात लावती?" पण मला नीटनेटकं करायची खाज. संगमनेरहून एक दुरुस्तीवाले बोलावले, केस पिकलेले, चष्मा कपाळावर, शांत गृहस्थ. त्यांनी डबा उघडला आणि पंख्यातून हळद, कुंकू आणि मूठभर तांदूळ काढले. तुझे आणि नंतर आप्पांचे सगळे दसरे आत साठले होते. "ताई, ह्यात अक्षता हायत," ते म्हणाले. आप्पा अभिमानानं म्हणाले, "लग्नाचं मशीन हाय. असनारच." मग ते गृहस्थ समजावू लागले की ह्यात सात नंबरची सिस्टिम आहे, ती बंद झाली, दहाचंही तेच, आणि अकरा ह्या मशीनला झेपायची नाही. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सात हाय आन् बारा न्हाई, मग उतारा कोनाच्या नावावर हाय?" शेवटी एक फुकटातली सिस्टिम टाकायचं ठरलं. त्यावर आप्पा, "फुकट? मग मागनं काय मागनार त्ये?"

आता माझा पराक्रम ऐक. "तुमच्या फायली आधी काडून घ्या," असं दुरुस्तीवाले म्हणाले आणि ओसरीवर चहा प्यायला बसले. मी पेनड्राइव्ह लावला. तुझी शेकडो फोल्डरं बघून मला वाटलं, हा काय पसारा, प्रत्येकात एकच फाइल. मी शोधून सगळ्या फायली एकदम बाहेर काढल्या आणि पेनड्राइव्हवर एकाच ठिकाणी टाकल्या, फोल्डरं सोडून. कम्प्युटरनं बिचाऱ्यानं विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, ती काढून ही ठेवू का? मी म्हटलं ठेव. पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून, पुढच्या सगळ्यांना असंच कर, अशी खूण केली. आई, एक श्री गेली की तिच्या जागी दुसरी, दुसरी गेली की तिसरी. तू सात वर्षांत जुळवलेली लग्नं एकमेकांच्या डोक्यावर बसत गेली आणि मी शेजारी उभी राहून, काय भराभर चाललंय, म्हणून खूश होते. दुरुस्तीवाल्यांनी विचारलं, "समदं घेतलं ना ताई? पुसू?" मी म्हणाले, "पुसा." हे तरी त्यांनी मला दोनदा विचारायला हवं होतं.

नवी सिस्टिम चढली, तुझा जुना फॉन्टही त्यांनी आठवणीनं बसवून दिला, आणि मी पेनड्राइव्ह उघडला तर आत एक फाइल. मला वाटलं बाकीच्या मागून येत असतील. पाच मिनिटं मी खरंच वाट बघितली. मग दुरुस्तीवाल्यांनी तासभर खटपट केली, चष्मा कपाळावरून नाकावर आला, पुन्हा वर गेला. "आता वरनं दुसरं बसलंय ताई, खनून काय हाती लागत न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचाच चेहरा असा पडला की मीच त्यांना पाणी दिलं. उरलेली फाइल कुठली होती माहीत आहे? वर मधोमध श्री, आणि खाली "म्हैस हरवली आहे. रंग काळा, डावे शिंग वाकडे, हाक मारल्यास थांबते." आप्पा शेजाऱ्याकडे गेले होते. मी ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांचं बोलायचं माणूस दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी ते मी घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी म्हैस वाचली. मी तिथेच मुक्काम केला होता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सापडली का गं ती?" मी म्हटलं, "सापडली असेल." त्या दुपारी ते झोपल्यावर मी तुझ्या खुर्चीत बसले आणि एक लग्न जुळवलं. मुलगा बेलापूरचा, मुलगी संगमनेरची, दोघंही माझ्या मनातली. वर श्री, खाली आत्या. पंच्याहत्तरीचा माणूस, शेकडो पत्रिका, कुठलं एवढं लक्षात राहतंय, असं मी धरून चालले. सकाळी आप्पांनी ती वाचली आणि म्हणाले, "ह्या लग्नाला आपन गेल्तो. दुसऱ्या पंगतीला बसवलं हुतं आपल्याला." आई, जे लग्न झालंच नाही त्यात त्यांना दुसरी पंगत आठवली. मी एकीकडे सुटकेचा श्वास टाकला आणि दुसरीकडे डॉक्टरांना विसरण्यावरच्या गोळ्यांबद्दल विचारून आले.

आप्पांना सांगितलं की तुझ्या पत्रिका मी पेनड्राइव्हवरून थोड्या थोड्या परत भरते, आणि रविवारी येऊन मी सात पत्रिका लिहून ठेवू लागले. तो फॉन्ट फक्त त्याच मशीनवर, त्यामुळे बेलापूरहून कोल्हारला येणं भागच. आणि मला त्यात गोडी लागली. शाळेत माझ्याशी भांडलेल्या बाईंचं मी लग्न लावलं, मामाची तेरा नावं घातली, कार्यालयाला कधी नव्हता तो वातानुकूलित हॉल दिला. पण आप्पांचा वेग वाढला. आधी सकाळी एक, मग संध्याकाळी एक, मग जेवणानंतर आणखी एक. "संपल्या," असा बुधवारी फोन. मी बुधवारी आले. मग शुक्रवारीही. शाळा सुटली की एसटी, पोचले की पिठलं-भाकरी, आप्पा आडवे झाले की लग्न. माझे यजमान म्हणाले, "तू माहेरी एवढी तर आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही जात नव्हतीस."

घात झाला तो तारखेनं. घाईत मी कॅलेंडर न बघता मुहूर्त टाकला. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आप्पा वाचता वाचता थांबले.

"पितरांच्या पंधरवड्यात लगीन?"

"आईकडून चुकून टाइप झालं असेल," मी म्हणाले. आणि हे तुझ्यावर ढकललं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"तिच्याकडनं न्हाई," आप्पा म्हणाले. "ती आधी कॅलेंडर बगायची, मग मशीनला हात लावायची." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माजं पाचवं पारायन चाललं हुतं, पोरी. कोनाच्या पत्रिकेत कोनता मामा हाय, समदं पाठ हाय मला. म्हशीच्या दुसऱ्याच दिशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तू लिवायचं थांबवलं आसतं. मग परत रविवार ते रविवार." चष्मा परत डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "म्हनून तर तीन-तीन वाचाया लागलो. डोळं लई दुकत्यात, पन न्हाई वाचलं तर तू कशाला येशील?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाहेरून आप्पा म्हणाले, "चहा टाकलाय का तिकडं?" मी म्हटलं, हो टाकलाय, आणि मग टाकला.

आता आम्ही दोघं बसतो. ते आठवून सांगतात, मी तुझ्या पत्रिका पुन्हा लिहिते. मामांच्या क्रमावरून भांडणं होतात. तारखा मी कॅलेंडरात बघते. डोळ्यांचे थेंब आणलेत, आणि वारांचं काही ठरवलेलं नाही, मी येते. हे पत्र मात्र इथेच, माझ्या वहीत, राहील. आप्पांनी ते बघितलं तर मोठ्यानं वाचतील, आणि पुढचं त्यांच्या कानावर जायला नको आहे.

काल त्यांनी तू अगदी पहिल्यांदा जुळवलेली पत्रिका सांगितली, माझ्या लग्नाची. वर चार ओळी तू स्वतःच्या घातल्या होत्यास म्हणे, लेकीबद्दलच्या. त्यांनी त्या म्हणून दाखवल्या आणि विचारलं, "बरोबर हाय ना?" मी म्हणाले, "हो, अशाच होत्या." मला माहीत नाही, आई. तू ती मला वाचायला दिली होतीस तेव्हा मी फक्त माझं नाव बरोबर आहे का एवढं बघितलं आणि परत दिली.