चढावर खरी वेळ सांगण्यातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पर्वतवाट कार्यालय, थुम्सीबजार

विषय : पाहुण्यांना "आता अर्धाच तास" असे सांगण्याची परवानगी व जप्त परवाना परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, "पाहुण्यांस खरी वेळ सांगावी", दि. २ कार्तिक.

महोदय,

अर्जदार दिलमान घले हा एकोणीस वर्षे वाटाड्या असून डोंगरात प्रथमच येणाऱ्यांना खिंडीपर्यंत नेतो. "किती राहिलं?" असे विचारल्यावर "अर्धा तास" म्हणणे ही आमच्याकडची वाडवडिलांपासूनची रीत आहे. ती वेळ नसून धीर आहे. मात्र एका गृहस्थाने असे अकरा अर्धे तास वहीत टिपून तक्रार केली आणि सदर आदेश निघाला.

१) दि. ५ रोजी जनकपूरहून पाच शिक्षक आले. शाळेच्या जिन्यापलीकडे त्यांना चढ ठाऊक नव्हता. पहिल्याच टेकाडावर सुनैना कर्ण या बाईंनी विचारले, "दाजू, अजून किती?" अर्जदाराने आदेश स्मरून सांगितले, "सात तास, दिदी. त्यातले सहा चढाचे." बाई दगडावर बसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीच जाऊन या, आणि कसं आहे ते सांगा." बाकीचे चौघेही बसले.

२) पाहुण्यांची इच्छा मोडू नये, असे परवान्यावरच छापलेले आहे. सबब अर्जदार एकटाच खिंडीत गेला व दुसऱ्या दिवशी परतून त्याने आपल्या घरी थांबलेल्या पाहुण्यांपुढे बर्फाचे साग्रसंगीत वर्णन केले. "थंडी होती का हो?" असेही आस्थेने विचारण्यात आले. चौघे समाधानाने घरी गेले. तरीही "पाहुणे वाटेत सोडले" म्हणून परवाना जप्त झाला.

३) सुनैनाबाई गेल्या नाहीत. येताना बसथांब्यावरच्या हमालाने त्यांना "अर्धा तास" म्हणत म्हणतच आणले होते. बसथांबा किती दूर, असे त्यांनी विचारले असता अर्जदाराने पुन्हा खरे सांगितले : चार तास. तेव्हापासून त्या अर्जदाराच्या चुलीपाशी बसून आहेत. पिठाचा ढिंडो बरा घोटतात, पण आता घरातल्या सर्वांचे हस्ताक्षरही तपासतात.

४) पत्नी सुकमाया हिचे म्हणणे, "अहो, अर्धा तास म्हणा आणि पोचवून या तिला. नाहीतर मी निघाले माहेरी!" परवानगीअभावी अर्जदारास तसे म्हणता येत नाही.

तरी हा अर्ज तातडीने निकाली काढावा. सुकमायाचे माहेर खरोखरच अर्ध्या तासावर आहे.

आपल्या आदेशाचा आजवर एकमेव पालनकर्ता,
दिलमान घले
मु. खाङ्सुर, दि. १८ कार्तिक

सोबत : १) आदेशाची प्रत. २) खिंड फार आवडल्याचे चार शिक्षकांचे पत्र.