दहाव्याचा काळा पक्षी

२२ मे १९८३
निवृत्तीनंतरचा पहिला संकल्प: पक्षी. रेल्वेच्या हापिसाने निरोपाला दुर्बीण दिली आहे. (मी भिंतीवरचं घड्याळ सुचवलं होतं.) वर्षाअखेर शंभर जाती ओळखायच्या. रूपावरून, राहण्याच्या जागेवरून आणि आवाजावरून. पुस्तकही आणलं. रोज दहा पानं, न चुकता.

२३ मे, पहाटे ५.४०
गच्चीवर. आवाज ऐकू आला: कीं-कूं, कीं-कूं, मग विश्रांती, मग पुन्हा कीं-कूं. लांब चोचीचा, पाणथळ जागेतला असावा. बराच वेळ टिपणं घेतली. पद्मा वर आली आणि म्हणाली की तो खालचा हापसा आहे, तेल घालायला मी तुम्हाला होळीपासून सांगते आहे. काही पक्षी हुबेहूब नक्कल करतात. पुस्तकात बघणे.

२७ मे
उकाड्यात दहा पानं होत नाहीत. चित्रं मात्र सगळी पाहिली. चित्रं पाहणं हे निम्मं वाचणंच.
समोरच्या दिनानाथांनी विचारलं की मुन्शी घाटावर पाण्यात एका पायावर उभा असतो तो पांढरा कोण. मी बगळा म्हटलं. तो बगळाच निघाला. आता गल्लीत मला पंडितजी म्हणायला हरकत नाही, असं म्हणून दिनानाथ खूप हसले. मृणालिनीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला म्हणून पेढे द्यायला आले होते. पोरीपेक्षा बापालाच जास्त आनंद. थोरल्या भावाला अजून कळवलं नाही म्हणाले, तो मोडता घालेल.

३ जून
पहाटे दिनानाथ गेले. झोपेतच. तीस वर्षांचा शेजार. काशीत दुर्गाघाटाच्या या गल्लीत दोन्ही घरांची दारं एवढी समोरासमोर, की त्यांची फोडणी जळली तर आम्ही खोकायचं. आज ते दार दिवसभर उघडं होतं आणि आत कोणी बोलत नव्हतं.
पक्षी बंद. मन लागत नाही.

६ जून
थोरले भाऊ श्रीनिवासराव नागपूरहून आले. सगळा विधी तेच करताहेत. पुण्याचं ऐकून म्हणाले की बाप गेल्यावर पोरगी हॉस्टेलवर? वर्षाच्या आत लग्न उरकायचं, तीच आपली रीत. मृणालिनी आत निघून गेली. मी मनातल्या मनात निषेध केला.

१२ जून
दहावा. पंचगंगा घाट.
दुर्बीण नेली होती. न्यायला नको होती. परतताना पलीकडच्या वाळूवर काही दिसलं तर, एवढाच हेतू.
पिंड ठेवला. कावळे कठड्यावर येऊन बसले, पण खाली एकही उतरेना. घाटावरचे नाववाले आमच्याकडे कुतूहलाने बघत होते. एक जण दुसऱ्याला सांगत होता की ये दक्खिनी लोग हैं, जब तक कौआ नहीं छूता तब तक घर नहीं जाते. ऊन चढलं. श्रीनिवासराव हात जोडून म्हणाले, घराचं मी बघतो. कावळा नाही. घाटाखाली बांधलेल्या नावेची काळजी करू नकोस म्हणाले, तरी नाही. दिनानाथांची नाव नव्हतीच, पण माणूस घाबरला की काहीही कबूल करतो. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.
तेव्हा वरच्या पायरीवरून दिनानाथांच्या पत्नी नंदावहिनी उठल्या आणि म्हणाल्या, मृणालला पुण्याला पाठवते, नक्की पाठवते, काळजी करू नका.
त्या क्षणी एक काळा पक्षी झपकन उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. सगळे रडले. श्रीनिवासरावांनीसुद्धा डोळे पुसले, ठीक आहे म्हणाले, त्याचीच इच्छा होती.
आणि मी म्हणालो, तो कावळा नव्हता.
मोठ्याने म्हणालो. कावळ्याची मान राखाडी असते, हा सगळा काळा, हा कोकीळ, नर. गुरुजींनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं शंभर टक्के. मग दर्भाचाच कावळा लावून विधी पुरा केला.
मला कोणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. कोणीच विचारलं नव्हतं.

१२ जून, संध्याकाळी
श्रीनिवासरावांनी मुद्दाम येऊन आभार मानले. दिनानाथला पुणे मान्य नव्हतं हे तुमच्यामुळे कळलं म्हणाले. पुणे रद्द.
शास्त्र म्हणजे शास्त्र. माझा काय इलाज?

१३ जून
खात्रीसाठी पुस्तक उघडलं. कोकीळ: डोळे लालभडक, फळं खातो, जमिनीवर क्वचित उतरतो. प्रत्येक नियमाला अपवाद असतो.
पुढचं पान. डोमकावळा: सर्वांगाने काळा, मान राखाडी नसते. चोच जाड.
चोच जाड होती.
पुस्तक मिटलं. फार उकडतंय.

१५ जून
तेरावा. आज सांगणारच होतो, पण जेवणाच्या पंगतीत असले विषय बरे दिसत नाहीत. वहिनींनी मला आग्रहाने दुसरा लाडू वाढला. खाल्ला. गोड लागला, याची लाज वाटते.

१८ जून
नवी युक्ती. श्रीनिवासरावांना गच्चीवर बोलवायचं, शेव टाकायची, डोमकावळा उतरला की दाखवायचा. त्यांचं त्यांना उमगेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. ते आले. पाव किलो शेव संपली. आले ते सगळे राखाडी मानेचे. ते म्हणाले, बघा, कावळा असा असतो. मी म्हटलं, हो.

२१ जून
पद्माला सांगितलं. ती हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली की आत्ताच्या आत्ता उठा, दार समोर आहे. मी म्हटलं, अशा गोष्टींना भूमिका बांधावी लागते. मग ती स्वतःच गेली आणि लगेच परत आली. वहिनी म्हणाल्या म्हणे, रत्नाकरभावजींनी दुर्बिणीतून पाहिलंय, ते चुकायचे नाहीत. पद्माताई, तू माझं मन राखायला म्हणतेस.
हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा संकल्प आहे.

२४ जून
बोलायचं सगळं पाठ केलं. समोर गेलो. मृणालिनीने दार उघडलं. डोळे सुजलेले. तिने विचारलं, काका, कुछ काम था? मी म्हटलं, थोडं मेतकूट हवं होतं. वाटीभर दिलं. आमच्या घरी मेतकुटाची बरणी भरलेली आहे.

२५ जून
पद्मा बोलत नाही. रोज मेतकूट-भात वाढते.

२९ जून
पुण्याला पाच जुलैच्या आत हजर व्हायचं आहे. म्हणजे अजून भरपूर वेळ आहे. घाईत बोललं की माणूस नीट मांडू शकत नाही. उद्या नक्की.

३० जून
श्रीनिवासराव झोपले होते.

१ जुलै
श्रीनिवासराव जागे होते.

२ जुलै
ताप. पद्माचं म्हणणं की थर्मामीटर उन्हात पडलेला होता. असेलही. पण अंगात काहीतरी आहेच. आज संध्याकाळच्या गाडीने निघाली असती तर पोरगी वेळेत पोचली असती. गाडीची वेळ मला तोंडपाठ आहे, जन्म रेल्वेत गेला. ती वेळ झाली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.
दिनानाथ, मी वाईट माणूस नाही हो. तुम्ही असता तर तुम्हाला सांगितलं असतं.

७ जुलै
गेलो. शेवटी गेलो! पुणं आता गेलंच, पण निदान खरं तरी सांगावं म्हणून. श्रीनिवासराव स्थळ बघायला जबलपूरला गेले आहेत, ही संधी.
मी सुरुवात केली की वहिनी, त्या दिवशीचा तो पक्षी. वहिनींनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका भावजी. तिथे सगळ्यांना घरी जायची घाई होती, खरं बोलायची हिंमत तुमच्या एकट्याची. यांना खोटं खपायचं नाही, म्हणून तर तुम्ही यांना आवडायचात. मी आपली पोरीच्या मायेपोटी त्यांच्या तोंडी माझी इच्छा घालायला निघाले होते. वर्षश्राद्धालाही तुम्हीच या हो पारखायला. एवढं बोलून रडल्या.
मी चहा घेतला. पूर्ण घेतला.
निघताना मृणालिनी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली की काका, तुम्ही सकाळी पक्षी बघायला जाता ना, मला न्याल का? लग्न ठरेपर्यंत घरीच आहे, दिवस कटत नहीं. बाबा म्हणायचे की तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
उद्या सकाळी सहा, पंचगंगा घाट. कुठल्या पक्ष्यापासून सुरुवात करावी ते आज ठरवलं पाहिजे. बगळा बरा. कावळे पुढच्या वर्षी.