ते शेवटचं शटल

प्रिय भिंत,

काल संध्याकाळी मी उडी मारली! हसू नकोस. सहा वर्षांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, डोक्यावरून जाणारं शटल हवेतच गाठलं आणि असं हाणलं, की समोरची पोरगी बघतच राहिली. आणि खाली उतरले तेव्हा मी ठणठणीत कोरडी होते. आता म्हणशील, सहा वर्षं तोंड दाखवलं नाही आणि पहिल्याच पत्रात ही बया काय सांगतेय! पण अगं, मला राहवत नाहीये. तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

धाकटी झाल्यावर मी बॅडमिंटन कोर्टवर तुझ्या जोडीला परत आले ते आठवतं ना? तेव्हापासूनच सुरू झालं होतं. उडी मारली, शिंक आली, पोट धरून हसले, की लघवी निसटायची. आधी थेंबभर, मग थेंबावर भागेना. तू विचारायचीस, हल्ली सारखी काळीच पँट का, पाणी का पीत नाहीस. मी सांगायचे, काळ्यात बारीक दिसते. आईजवळ एकदा बोलले, तर म्हणाली, बाळंतपणानंतर व्हायचंच, त्याचा काय गवगवा करायचा. झालं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी हल्ली गाडी शिकवते. चार महिन्यांपूर्वी एका शिकाऊ आजोबांनी असा करकचून ब्रेक मारला, की मला जोराची शिंक आली आणि सीट ओली झाली. मी म्हटलं, बाटली सांडली. बाटली दाराच्या खणात होती, झाकण घट्ट लावलेली. आजोबा दुसऱ्या दिवशी शिकवणी संपल्यावर एक चिठ्ठी देऊन गेले. त्यांच्या बायकोला हाच त्रास होता म्हणे, आणि हा तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा नंबर. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण त्याच दुपारी मी फोन केला.

मला वाटत होतं, थेट ऑपरेशनच सांगतील. बाई म्हणाल्या, आधी व्यायाम, तेही निदान तीन महिने नेटानं. मूत्राशयाला खालून तोलून धरणारे स्नायू बाळंतपणात सैल पडतात, त्यांना पुन्हा कामाला लावायचं. मी ऐटीत सांगितलं, हे मी घरी करतेच. त्यांनी तपासलं आणि हसल्याच. मी श्वास कोंडून नुसतं पोट आणि कुल्ले आवळत होते! खरं तर लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आतून वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, दहापर्यंत मोजायचं आणि मग पूर्ण सोडायचं. पाणी तोडायचं नाही, चहा मात्र कमी. आणि शिंक येतेय असं वाटलं, की आधी आवळायचं, मग शिंकायचं.

मग मी काय केलं असेल? सिग्नल धरले! लाल दिवा लागला, की आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं, पुन्हा आवळायचं. हिरवा झाला, की सुट्टी. लाल दिव्याला खूश होणारी बाई माझ्या शिकाऊंनी आयुष्यात पाहिली नसेल. पहिला महिना काही म्हणता काही फरक नाही, मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी खोकले आणि काहीच झालं नाही. मी तिथल्या तिथे पुन्हा खोकून पाहिलं! जादू नाही गं ही, सर्दी झाली की अजून एखादा थेंब येतो. पण काळी पँट कपाटात गेली.

आता मुद्द्याचं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या फायनलमध्ये आपण एका गुणानं मागे होतो आणि क्लबनं त्या दिवशी पांढरे स्कर्ट दिले होते. ते शेवटचं शटल माझ्या डोक्यावरून आलं. उडी मारली असती तर मिळालं असतं. मी मांड्या घट्ट दाबून उभी राहिले, ते पडलं, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्याकडे वळून म्हणाले, की तुझं होतं ते. तू एका शब्दानं वाद घातला नाहीस. रॅकेट पिशवीत घातलीस आणि गेलीस. काहीही परतवतेस म्हणून तुला भिंत म्हणणारे लोकच मग भिंत ढासळली म्हणायचे, तेव्हा मी तिथेच बसलेली असायचे, गप्प.

काल क्लबवर खेळून झाल्यावर मी सगळ्यांना थांबवलं. आपल्या कोच सरांना, जुन्या मंडळींना, त्या पोरीलाही. ते शटल माझं होतं हे सांगितलं, आणि का सोडलं तेही सांगितलं. ती पोरगी नंतर माझ्यामागून जिन्यात आली आणि हळूच बाईंचा नंबर घेऊन गेली. चाळिशीपुढच्या दुहेरीचा फॉर्म सोबत पाठवतेय. माझं नाव लिहिलंय, शेजारची जागा कोरी आहे. माफ करणं न करणं तुझ्या हातात, ती जागा कोरीच राहिली तरी मी समजेन. पण खेळलीस, तर मागचा कोपरा माझा. डोक्यावरून जाईल ते सगळं माझं.

तुझीच,
नाकतोडा