कोठीत दिसलेलं घर

दादा,

मी सिंदेवाहीच्या गाडीनं चालली, संध्याकाळी येते. भाजी झाकून आहे, पण जेवायच्या आधी हे वाच.

काल दवाखान्यातून आणलं तवापासून बाबा काळा चष्मा लावून झोपूनच होते. आज तू पर्यटकाईले घेऊन सफारीले गेल्यावर उठले, चष्मा काढला अन् तांदळाच्या स्टीलच्या कोठीसमोर थांबले. मले विचारतात, "हा म्हातारा कोण होय, मयुरी?"

म्हटलं, "बाबा, तुमीच!"

हसले नाई. कोठीवर हात फिरवत राह्यले. मागचं आंगण, मोहाचं झाड, दोरीवरची माझी पिवळी ओढणी, सारंच त्या कोठीत होतं. "एवढं सारं आपल्या घरातच होतं?" म्हणाले. मी रोज घासते ती कोठी, मले कधी दिसलं नाई.

आता त्याईले ती स्वतः पुसाची आहे. राख अन् तारेची घासणी मी लपवली, त्यानं ओरखडे पडतात. मऊ फडकं ओलं करून थोडा साबण घ्याचा, स्टीलवरच्या बारीक रेषा जातात तिकडेच पुसाचं अन् लगेच कोरडं कराचं, नाई तर पाण्याचे डाग राह्यतात. डाक्टरनं वाकू नका म्हटलं, म्हणून खालचं तू पुस.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तू दोन वर्षं लांबवलं, म्हणून त्याईच्यासमोर यायची तुले लाज वाटते, हे मले समजते. त्याईनं त्याचं नावही नाई काढलं. एवढंच विचारलं, "प्रवीण आता कसा दिसते?"

मी सांगितलं नाई. तूच जाऊन समोर उभा राह्य.

मयुरी