शेवटचे तीन गडी

प्रिय व्हर्लिन,

पाकिटावर माझं अक्षर बघून पत्र केराच्या टोपलीत टाकू नकोस. तिकीट तुझ्या ताईने स्वतः चिकटवलंय, तेव्हा अपमान तुझ्या बहिणीचा होईल, माझा नाही. यंदा तिचा मका डोक्याच्या वर गेलाय आणि माझं पोट पट्ट्याच्या बाहेर.

दोन उन्हाळे झाले आपण बोललो नाही. त्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यात, सातव्या डावात, तिन्ही बेसवर त्यांचे गडी उभे असताना मी प्रशिक्षक म्हणून तुला चेंडू टाकायला बोलावलं आणि तू बाकावरून हललासुद्धा नाहीस. तू म्हणालास, "मी नवव्या, शेवटच्या डावाचा माणूस आहे, दाजी." मीही तडकलो, "तीन धावांची आघाडी हातात असताना शेवटचे तीन गडी बाद करायला काय लागतं? आपला पोस्टमनही करेल!" तेही अख्ख्या गावासमोर. पुढच्या वर्षी तू शेजारच्या गावाकडून खेळायला लागलास, आणि तुझी ताई आठवडाभर माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होती.

माझं मत अजून तेच आहे हं. सामना पेटतो तिथे उत्तम पिचर हवा, मग सहावा डाव का असेना. शेवटी येऊन टाळ्या घेणाऱ्याचं कौतुक जरा जास्तच होतं.

पण गेल्या रविवारी, विभागाच्या स्पर्धेत, नवव्या डावाला आमच्याकडे तीनच धावांची आघाडी होती. पहिला पिचर दमला होता. मी चेंडू पुढे केला, "कोण टाकतो?" चार दणकट गडी, चौघेही आपापल्या बुटांच्या नाड्या न्याहाळायला लागले. शेवटी एकाला ढकललंच. त्याने दोन धावा दिल्या, बेस भरून ठेवले, आणि कुंपणाला पाठ लावून आमच्या एकाने झेल घेतला म्हणून जिंकलो. तुझी ताई प्रेक्षकांतून ओरडली, "अहो, बोलवा ना आता पोस्टमनला!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तू बाद केलेले गडी मी वर्षानुवर्षं मोजले, पण चेंडूसाठी तू आपणहून हात पुढे करायचास, ते कधी मोजलंच नाही.

आता खरं काम सांगतो. आपलं गाव चाळीस वर्षांनी राज्य स्पर्धेत पोचलंय. हरलेल्या संघांतले तीन पिचर घ्यायची मुभा आहे, आणि तुमचा संघ हरलाय. दोन तरणी पोरं घेतली. तिसरं नाव काल मी तुझं दिलं, तुला न विचारता. त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलं माझं. कुठला डाव टाकायचा ते तू ठरव. शनिवारी सकाळी अकराला सामना आहे. यादी आता बदलता येत नाही, आणि येत असती तरी मी बदलली नसती.

तुझाच हट्टी दाजी,
डेलमर