बदकाचं भोक आणि दारातला गोळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा फायबरच्या बोटींची डागडुजी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्माही ठिकाणावर आहे. कुणी मला भरीस घातलेलं नाही. वकीलबाईंच्या बोटीची कड धक्क्याला लागून तडकली होती, ती मी नीट करून दिली. त्याच्या बदल्यात त्या हे काम करून देत आहेत. मरायची मला मुळीच घाई नाही, पण फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला?

एक. राहतं घर मुलाला. त्याला बोटीत पाय ठेवला की मळमळतं, तेव्हा पाण्यावर न तरंगणारं जे काही माझ्याकडे आहे ते त्याचं. स्वयंपाकघराची मागची खिडकी तो बुजवायला निघेल. बुजवू नये. तिथून शेड दिसते, आणि जेवायला हाक मारायला ती बरी पडते.

दोन. बँकेतली शिल्लक मुलाला आणि सुनेला, निम्मी निम्मी. दोघांनी त्यावरून भांडू नये. भांडलेच तर आवाज खाली ठेवावा. शेजारच्या जाळीवाल्यांना सगळं ऐकू जातं आणि ते मध्ये बोलतात.

तीन. शेड, ग्राइंडर, रोलर आणि कपाटातलं सगळं सामान सुनेला. लग्नानंतर ती मला जेवायला बोलवायला म्हणून शेडमध्ये आली आणि रोलर धरून तिथेच राहिली. जेवण त्या दिवशी मुलाने एकट्याने केलं. तिने पहिल्यांदा विचारलं होतं, "आई, चीर बोटभर आणि घासायचं एवढं मोठं?" तिचं उत्तर इथे कायमचं लिहून ठेवते. हो, एवढंच घासायचं. चिरेभोवतीचं पोकळ फायबर निघेपर्यंत घासायचं, कडा ताटलीसारख्या उतरत्या करायच्या, मग मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, तुकडे चिकट रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे आणि रोलर फिरवून बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. वरून नुसती लांबी भरून रंग फासणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले. त्यांची गिऱ्हाइकं पुढच्या मोसमात माझ्याकडे आली, म्हणून त्यांचे इथे आभार मानते.

चार. बोट. वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना मिळून एक छोटी बोट ठेवली. तिला घरात सगळे बदक म्हणतात. ती शेडच्या मागच्या भिंतीशी कित्येक वर्षं पालथी पडून आहे, पुढच्या बाजूला तळहाताएवढं भोक घेऊन. ते बुजवायला मी आणि धाकटी एकदाच बसलो. मी रेझिन डब्यात ओतलं, त्यात ते घट्ट करणारं हार्डनर अगदी मोजून घातलं आणि मॅट कापायला गेले. परत येते तर डब्यातून धूर! आतलं सगळं दगडासारखं घट्ट, आणि त्यात वडिलांचा ब्रश उभाच्या उभा गाडलेला.

मी म्हणाले, "डबा उन्हात ठेवून गप्पा मारायला कुणी सांगितलं होतं?"

ती म्हणाली, "शिळं रेझिन वापरतेस, ताई. चिकटपणा कर अजून!"

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. तिची अर्धी बोट मी दुरुस्त करणार नव्हते, माझ्या अर्ध्या बोटीला तिला हात लावू देणार नव्हते, आणि अर्धं भोक तर बुजवता येत नाही. तरी माझा हिस्सा सुनेला. डब्याच्या आकाराचा तो ब्रश रोवलेला गोळा, जो मी दार अडवायला वापरते, तो धाकटीला; म्हणजे तिला आठवण राहील. आणि बदक पाण्यात गेलेलं मला एकदा बघायचं आहे. हे कुठल्या कलमात बसतं ते वकीलबाईंनी ठरवावं.

इथवर लिहून झालं आणि दुसरा साक्षीदार हवा असं निघालं. पहिले साक्षीदार, म्हणजे जाळीवाले, आधीच शेडमध्ये येऊन बसले होते. सून म्हणाली, "थांबा, मी आणते कुणाला तरी," आणि मला न विचारता माझ्या धाकटीलाच घेऊन आली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाईंनी तिला सांगितलं. धाकटीला असलं काही सांगून उपयोग नसतो. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं.

"ताई, हार्डनर तू कुठे घातलंस? मी घातलं."

"तू कधी?"

"तू मॅट कापायला गेलीस तेव्हा. म्हटलं, ही विसरली. मोजून घातलं हं!"

"मीही मोजूनच घातलं होतं."

मग जाळीवाले म्हणाले, "म्हणजे दोघींचंही बरोबर होतं. डब्यात मात्र दुप्पट गेलं."

आधी सून हसली. मग धाकटी पालथ्या बदकावर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि तिची पाठ चोळता चोळता मलाही हसू आवरेना. वकीलबाई म्हणाल्या, "चौथं कलम फाडू आणि नवं लिहू." मी म्हणाले, असू दे, खाली जोड देते. जोड दिसला तर दिसू दे.

पाच. चौथ्या कलमात बदल. गोळा धाकटीला मरणोत्तर मिळणार होता. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यावर धाकटी म्हणाली, "मग मी सही करत नाही. मला गोळा हवाय." तेव्हा तो मी आत्ताच, जिवंतपणी, तिच्या हातात दिला आहे. यापुढे त्याच्याशी माझा संबंध नाही.

बदक सुनेलाच. धाकटी आपला हिस्साही तिलाच देणार आहे. मात्र आम्ही दोघी आहोत तोवर वल्ही आमच्या हातात राहतील. भोक उद्या सकाळी आम्ही तिघी मिळून बुजवणार. हार्डनर सून घालेल, आणि मोठ्याने "घातलं" असं म्हणेल. आम्हा दोघी बहिणींना त्या बाटलीला हात लावायला मनाई आहे.

सहा. शेडचं दार आता वाऱ्याने आपटतंय. जो कुणी हे वाचत असेल त्याने तिथे काहीतरी ठेवावं.

हे सगळं मी समजून उमजून, आणि शेवटचा भाग हसत हसत लिहिला आहे.

स्थळ: धक्क्यालगतची शेड
दिनांक: अकरा नोव्हेंबर
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. शेजारचे जाळीवाले (सही)
२. लिहून ठेवणारीची धाकटी बहीण (सही, अक्षर वाकडं आलं आहे, कारण काखेत गोळा होता आणि ती तो खाली ठेवायला तयार नव्हती)