होडीतून लिहिलेली एकतीस झाडं

खाडीकाठ, मालवण तालुका
११ नोव्हेंबर २००७

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. मी खुशाल आहे. पायांबद्दल खात्री नाही. ते दिवसभर चिखलात असतात, आमची भेट संध्याकाळीच होते.

आईला सांगा, मी समुद्रात नाही, खाडीत आहे. इथं खाऱ्या पाण्यात झाडं वाढतात, त्याला कांदळवन म्हणतात. आम्ही ती तोडत नाही, नुसतं त्यांचं वजन काढतो. टेपनं खोडाचा घेर घ्यायचा, उंची घ्यायची आणि सूत्रात घालून झाड किती किलोचं ते ठरवायचं. त्यातला साधारण निम्मा कार्बन. हवेतला किती धूर झाडांनी पोटात ठेवलाय, ते त्यावरून कळतं. तुम्ही तीस वर्षं जंगलात मजुरी करून साग मोजलात, तेच हे काम. फक्त इथं पाणी चढतं. कांदळाच्या खोडाला कमानीसारखी मुळं फुटतात, म्हणून टेप सगळ्यात वरच्या मुळाच्याही वर लावावी लागते. त्यासाठी मुळांवर चढावं लागतं. काल मी चढले. नंतर जे झालं त्याला उतरणं म्हणत नाहीत.

माया आहे तशीच ठेवा, जरा ओली झाली तरी चालेल.
तुमची दीपमाला

नाकाडोंगरी
२० नोव्हेंबर

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद व जय भीम.
तुझी आई म्हणते, एम.एस्सी. करून पोरगी झाडावरच चढून राहिली, तर बकऱ्या राखण्यात काय वाईट होतं. मी तिले सांगतलं, बकऱ्यांले मोजणारी आपली पोरगी पहिली नसती. ती अजून माझ्याशी बोलली नाही. धान कापून झाले. माझा गुडघा आहे तसाच आहे.

एक इचारतो. पाणी चढल्यावर जे झाडं मोजाचे राहून जातात, त्याईचं काय करता? आम्हाले असे राहिलेले झाडं अंदाजानं लिहाची लई सवय लागे.

आईची आठवण पोचव म्हणते, म्हणजे राग गेला असंन.
तुझा बाबा, मंगरू

खाडीकाठ
१ डिसेंबर

ती. बाबांस, सप्रेम जय भीम.
तुमच्या प्रश्नानं माझं जेवण गेलं. चौदा नंबरच्या तुकड्यात भरती लवकर आली. पलीकडची एकतीस झाडं राहिली. मी होडीत बसून, दुरून बघून, त्यांचे घेर लिहून टाकले.

आमच्या प्रमुख परब मॅडमना सगळ्या वहीत हेच आकडे आवडले. खरी मोजलेली झाडं आलेखावर कुठंही पडतात. ही एकतीस शिस्तीत एका रेघेत उभी राहिली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी आभार मानले.

आता त्या आकड्यांवर अख्ख्या खाडीचा कार्बन धरलाय. अहवाल वीस तारखेला जातो. सांगितलं तर माझी पुढच्या वर्षाची नेमणूक जाईल. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

रागावलात तरी पत्र पाठवा.
दीपमाला

नाकाडोंगरी
७ डिसेंबर

चि. दीपमालास आशीर्वाद.
मी काय केलं असतं ते इचारू नको. मी काय केलं ते सांगतो. तुझ्या आईलेही हे ठाऊक नाही.

पंच्याऐंशी साली मी आन् तुलाराम मेश्राम एकाच पट्ट्यात साग मोजत होतो. वरचा भाग त्याचा, खालचा माझा. एक दिवस मले घरी जाची घाई होती. मी एका बुंध्याले टेकून बसलो आन् साठ झाडं लिहून मोकळा झालो. तोडीच्या वेळी झाडं कमी भरली. कागदावर नाव नव्हतं. साहेबानं इचारलं, हे कोणाचं काम? मी जमिनीकडे पायलं. तुलाराम त्या आठवड्यात दोनदा उशिरा आलता, म्हणून त्याले काढलं. मग तो मँगनीजच्या खाणीत गेला. त्याचा खोकला तिथलाच.

बाईसवं साल आहे. तो बाजारात भेटते, पान देते. मी खातो.

तुले जसं जमंन तसं कर.
बाबा

खाडीकाठ
१८ डिसेंबर

ती. बाबांस, सप्रेम जय भीम.
मी सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कुठली एकतीस ते विचारलं. मग म्हणाल्या, उद्या ओहोटी सकाळी सातला आहे, तू एकटीनं जा.

परत मोजण्यात तीन दिवस गेले. माझा अंदाज खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शानं जड होता. शिवाय एकतिसातलं एक झाड नव्हतंच. तो कोळ्यांनी जाळं बांधायला रोवलेला खांब होता. मी त्याचाही कार्बन काढला होता.

अहवाल पंधरा दिवस लांबला. नेमणूक दुसऱ्या मुलीला मिळाली. मॅडमनी मात्र नागपुरात एका ठिकाणी माझं नाव कळवलंय. झाला प्रकार त्यांनी चिठ्ठीत लिहिला आणि खाली लिहिलं, हिनं स्वतः सांगितलं. जानेवारीत घरी येते.

भेटेपर्यंत गुडघा सांभाळा.
दीपमाला

नाकाडोंगरी
२६ डिसेंबर

चि. दीपमालास आशीर्वाद.
तुझं पत्र वाचलं आन् चपला घालून तुलारामकडे गेलो. त्याची बायको धुरपता लाखोरीची भाजी निवडत होती. तिच्यासमोरच सगळं सांगतलं. तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही, पण माझ्याकडे पायलंही नाही.

तुलाराम लई वेळ खोकलला. मग म्हणे, मले मालूम आहे मंगरू. मी वरच्या टेकरावरून तुले बसून लिहिताना पायलं होतं. मी इचारलं, मंग साहेबाले काहून नाही सांगतलं? तर म्हणे, तुया घरी पोरगी आठ दिवसाची होती.

धुरपताले हे ठाऊक नव्हतं. ती उठून आत गेली. चहा कोणी केला नाही, मीही थांबलो नाही.

तू आलीस की पहिले त्याच्या घरी जाऊ. मी येईन सोबत. काय बोलाचं ते तू ठरव, मले सुचत नाही.

वाट पाहून राहिलो.
तुझा बाबा